माता केविना यांचे अल्पचरित्र

आपल्या ह्या महोत्सवाच्या पुस्तिकेत देवळाचा पाया कोणी घातला, घंटा कोणी अर्पण केली, कोणकोणत्या धर्मगुरूंनी येथे सेवा केली, ह्या सर्वांची नावनिशी यथास्थित दिलेली वाचकांस आढळेल. ती द्यावी हे योग्यच होय. परंतु वेदीवरची वस्त्रे ज्यांच्या हातांनी धुतली गेली, आजाऱ्याच्या उशाशी ज्या रात्रीच्या रात्री बसल्या, मयताच्या घरी ज्यांनी न सांगता भाताचे टोप नेऊन पोहोचविले, त्या बायांची नावे कोणत्याही वहीत नोंदलेली नसल्यामुळे ती येथे छापता येत नाहीत. ही उणीव आता भरून काढणे आमच्या हाती नाही. तेव्हा, अशाच अनाम स्त्रियांच्या हातांवर विश्वास टाकून जिने आफ्रिका खंडातील एका देशाच्या घराघरांत आरोग्य व विद्या नेली, त्या एका स्त्रीचे चरित्र ह्या पानांत द्यावे असे आम्ही योजिले आहे. युगांडाचे लोक तिला माता केविना म्हणत.

चरित्र आफ्रिकेतील असले तरी ते आपणांस अगदीच परके वाटावे असे नाही. मुंबईहून निघालेली आगबोट ज्या मोंबासा बंदरास लागत असे, तेच बंदर युगांडाचे दार होते. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवराच्या काठापर्यंत इंग्रज सरकारने १८९६ ते १९०१ ह्या काळात जी आगगाडी नेली, तिच्या कामावर हिंदुस्थानातून, विशेषेकरून पंजाबातून, सुमारे ३२ हजार मजूर नेलेले होते. त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास लोकांची हाडे तिकडेच राहिली. पुढे त्याच वाटेने गोव्याचे कितीतरी ख्रिस्ती बांधव कारकून, शिंपी, आचारी, वैद्य होऊन त्या देशांत गेले, आणि १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांस युगांडातून घालवून देईपर्यंत कोंकणी बोलणारी पुष्कळ कुटुंबे तेथे नांदत होती.

माता केविना यांचे मूळचे नाव तेरेसा कार्नी. आयर्लंड देशातील विक्लो परगण्यात, आर्क्लो गावाजवळ, ता. २८ एप्रिल १८७५ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील मायकेल कार्नी हे शेतकरी होते. मुलगी जन्मास येण्याच्या तीन महिने अगोदर ते एका अपघातात दगावले, त्यामुळे बापाचे तोंड तिने कधी पाहिलेच नाही. आईने दुसरा विवाह केला व तिला आणखी तीन मुले झाली. परंतु तेरेसा दहा वर्षांची असता आईही वारली. मग आजीने, म्हणजे आईच्या आईने, तिला आपल्या घरी नेले. ही आजी मोठी श्रद्धाळू व करारी बाई होती, आणि नातीच्या मनावर तिची छाप जन्मभर राहिली. चौदाव्या वर्षी मुलगी रॅथड्रम येथील दयेच्या भगिनींच्या मठात साहाय्यक शिक्षिकेचे काम शिकू लागली. सतराव्या वर्षी आजीही गेली. आता मागे ओढून धरणारे असे घर उरले नाही. ती समुद्र ओलांडून इंग्लंडात गेली व एसेक्स परगण्यात धर्मभगिनींनी चालविलेल्या एका शाळेत शिकवू लागली.

जिला बाप दिसला नाही, जिची आई बालपणी गेली, तिने पुढे हजारो परक्या लेकरांची आई व्हावे, हा योगायोग सांगताना पुष्कळ चरित्रकार भारावून जातात. आम्हांस त्यात दुसरीच एक गोष्ट दिसते. पोरकी मुलगी ज्या घरी वाढते त्या घरी तिला लवकरच कळते की एका बाईच्या मरणाने घर कसे कोलमडते आणि दुसरी एक बाई उभी राहिली तर ते कसे सावरते. हे तिला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

इ. स. १८९५ मध्ये तिने लंडनच्या उत्तरेस मिल हिल येथे असलेल्या फ्रान्सिस्कन भगिनींच्या मठात प्रवेश मागितला. ता. २१ एप्रिल १८९८ रोजी ती त्या संघाची व्रतस्थ भगिनी झाली व येशूच्या पवित्र दुःखसहनाची भगिनी मेरी केविन हे नाव तिला मिळाले. केविन हे वास्तविक पुरुषाचे नाव. सहाव्या शतकातील ह्या संताचा मठ तिच्याच विक्लो परगण्यात ग्लेंडालोक येथे होता. त्या संघाच्या काही भगिनी १८८१ पासून अमेरिकेत बॉल्टिमोर शहरी, गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय लोकांत काम करीत होत्या. भगिनी केविन यांनीही तिकडेच जाण्याची इच्छा प्रकट केली. वर्षे गेली, तरी अमेरिकेचे बोलावणे येईना. आले ते आफ्रिकेचे.

युगांडात त्या वेळी काय स्थिती होती हे थोडक्यात सांगितले पाहिजे. १८७७ साली इंग्रज प्रॉटेस्टंट मिशनरी व १८७९ साली फ्रेंच कॅथलिक मिशनरी त्या देशी आले. राजा म्वांगाच्या कारकीर्दीत १८८५ ते १८८७ ह्या वर्षांत चार्ल्स ल्वांगा व त्याचे सोबती धरून बावीस कॅथलिक तरुणांनी, आणि प्रॉटेस्टंटांपैकीही जवळजवळ तितक्यांनीच, श्रद्धेसाठी प्राण दिले. कॅथलिक हुतात्म्यांस १९२० साली धन्यवादित व १९६४ साली संत म्हणून घोषित करण्यात आले, हे वाचकांस ठाऊक असेलच. परंतु ज्या रक्ताने दोन्ही पंथांस एक करावे, त्यानंतर पाचच वर्षांत, १८९२ मध्ये, दोन्ही पक्ष मेंगोच्या टेकडीवर एकमेकांशी लढले. इंग्रज कॅप्टन लुगार्डच्या मॅक्सिम तोफांपुढे कॅथलिक पक्ष हरला. तेव्हापासून लोकांच्या मनात असे पक्के बसले की कॅथलिक म्हणजे फ्रेंच आणि प्रॉटेस्टंट म्हणजे इंग्रज. हा ग्रह घालवावा म्हणून रोमने देशाचा पूर्व भाग मिल हिलच्या इंग्रजी बोलणाऱ्या धर्मगुरूंकडे सोपविला. त्यांचे पहिले बिशप हेन्री हॅनलन १८९५ साली तेथे पोहोचले, आणि कंपालाच्या अनेक टेकड्यांपैकी नसांब्या नावाची टेकडी त्यांच्या मिशनचे ठाणे झाली.

बिशप हॅनलन यांस लवकरच कळून चुकले की पुरुष मिशनऱ्यांच्या हाती घराचे अर्धे दारच उघडते. पुरुष प्रवचन ऐकत, मुलगे शाळेत येत. परंतु स्वयंपाकघर, केळीची बाग, बाळंतिणीची खोली, येथे धर्मगुरूंस प्रवेश कसला? आणि कुटुंब बनते वा बिघडते ते तेथेच. फ्रेंच धर्मप्रांतात भगिनी १८९९ पासून काम करू लागल्या होत्या. म्हणून बिशपांनी मिल हिलच्या मठाकडे भगिनी मागितल्या.

ता. ३ डिसेंबर १९०२ रोजी सहा भगिनी लंडनहून निघाल्या. त्यांत तिघी आयरिश, एक इंग्रज, एक स्कॉटिश व एक अमेरिकन होती. प्रमुख भगिनी पॉल मर्फी. तो दिवस संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाचा होता. आगबोट, आगगाडी, पुन्हा सरोवरातली बोट, असा प्रवास करून १५ जानेवारी १९०३ रोजी त्या नसांब्यास पोहोचल्या. भगिनी केविन त्या वेळी सत्तावीस वर्षांच्या होत्या. ह्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे तो देशच त्यांचे घर झाला.

पहिला दवाखाना एका आंब्याच्या झाडाखाली भरे. आंब्याची सावली आपल्याकडे कोणास नवी नाही. तिच्याखाली पंचायत बसते, शाळा भरते, लग्नाचा मांडव पडतो. नसांब्याच्या आंब्याखाली मात्र पायांत घुसलेले किडे काढणे, चिघळलेल्या जखमा धुणे, हिवतापाचे औषध देणे, देवी आलेल्यांची शुश्रूषा करणे, अशी कामे चालत. भगिनींस ना भाषा येत होती, ना त्यांच्यापैकी कोणी डॉक्टर होती. लुगांडा भाषा त्या रोग्यांकडूनच शिकल्या. आमच्या समजुतीने भाषा शिकण्याची ह्याहून चांगली शाळा नाही, कारण दुखणे सांगणारा मनुष्य सोपे शब्द वापरतो व ते पुनःपुन्हा सांगतो.

त्याच सुमारास सरोवराच्या काठी निद्रारोगाची साथ पसरली होती. एका प्रकारच्या माशीच्या चाव्याने हा रोग होतो. मनुष्य सुस्त होत होत शेवटी झोपेतच संपतो. १९०० नंतरच्या वर्षांत ह्या रोगाने दोन लाखांहून अधिक माणसे नेली, बुसोगा प्रांतातील गावेच्या गावे ओस पडली. अशा वेळी सहा बायांनी काय करावे? त्यांनी एवढेच केले की त्या तेथून हलल्या नाहीत. १९०६ साली भगिनी केविन यांनी नसांब्यापासून तेवीस मैलांवर नागालामा येथे दुसरे ठाणे व इस्पितळ सुरू केले. १९१० साली भगिनी पॉल यांस आजारपणामुळे परत जावे लागले व मठाची धुरा भगिनी केविन यांजवर आली. तेव्हापासून त्या मदर केविन झाल्या. १९१३ साली आणखी तीन भगिनी आल्या, तेव्हा कुठे बुसोगात कामुली येथे तिसरे ठाणे निघाले. दहा वर्षांत तीन ठाणी! आज आम्हांस हा वेग फार मंद वाटतो. परंतु प्रत्येक ठाण्यामागे किती हिवताप व किती रिकाम्या थैल्या होत्या हे ध्यानी घेतले म्हणजे तसे वाटेनासे होते.

पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेतही इंग्रज व जर्मन यांच्या फौजा लढल्या. त्या भागांत गाड्यांचे रस्ते नव्हते, जनावरे माशीच्या चाव्याने मरत. म्हणून तोफा, दारूगोळा, धान्य, सर्व काही माणसांच्या डोक्यावरून जाई. ह्या कामी धरून नेलेले आफ्रिकन हमाल गोळीने थोडे व हगवणीने, उपासमारीने, थंडीतापाने फार मेले. नसांब्याच्या इस्पितळात ह्या हमालांची शुश्रूषा झाली. त्याबद्दल १९१८ साली इंग्रज सरकारने मदर केविन यांस एम. बी. ई. हा किताब दिला. ज्या सरकारने त्या गरिबांस मरणाच्या वाटेवर धाडले त्यानेच त्यांस उचलणाऱ्या बाईस पदक द्यावे, ह्यातील विसंगती वाचकांच्या लक्षात येईलच. मदर केविन सरकारशी भांडल्या नाहीत. ज्याच्याकडून जमीन मिळे, औषधे मिळत, त्याच्याकडून त्यांनी ती घेतली. त्या काळच्या मिशनांची ही रीतच होती, आणि तिचे गुणदोष दोन्ही इतिहासात नमूद आहेत.

आता ज्या गोष्टीने मदर केविन यांच्या कामास खरे वळण लागले तिच्याकडे आपण येतो. युगांडात त्या काळी बाळंतपणात माता मरणे व तान्ही मुले दगावणे हा नित्याचा प्रकार होता. रोगांमुळे गर्भ राहत नसे, राहिला तर टिकत नसे, आणि जन्मास आलेले बालक पहिले वर्ष ओलांडीलच असा भरवसा नसे. मुलांच्या अभावी नवरा बायकोस टाकी, घर मोडे. ख्रिस्ती विवाह पाळू पाहणाऱ्या जोडप्यांवर तर हा फारच मोठा प्रसंग होता. अर्थात देशास सर्वांत अधिक गरज कशाची असेल तर ती जाणत्या सुईणीची. आणि नेमके हेच काम धर्मभगिनींस वर्ज्य होते! व्रतस्थ स्त्रियांनी सुईणपण करू नये, शस्त्रवैद्यकही करू नये, असा पवित्र सभेचा तेव्हाचा दंडक होता. हा दंडक दुष्टपणाने केलेला नव्हता. युरोपात जेथे प्रत्येक गल्लीत सुईण मिळे, तेथे भगिनींच्या व्रताचे रक्षण व्हावे एवढाच त्याचा हेतू. पण नागालामाच्या झोपडीत अडलेल्या बाईस युरोपातील सुईणीचा काय उपयोग?

ह्या प्रश्नाची झळ हिंदुस्थानासही लागली होती. डॉ. ॲग्नेस मॅक्लॅरन नावाच्या स्कॉटिश बाईंनी, परपुरुष वैद्याकडे जाऊ न शकणाऱ्या पडद्यातील स्त्रियांसाठी, रावळपिंडी येथे इस्पितळ काढविले व भगिनींस वैद्यकाची परवानगी मिळावी म्हणून म्हातारपणी रोमच्या फेऱ्या घातल्या. त्या १९१३ साली वारल्या, परवानगी न मिळताच. त्यांचेच काम पुढे नेणाऱ्या डॉ. ॲना डेंगेल ह्यांनीही रावळपिंडीतच सेवा केली होती. शेवटी फेब्रुवारी १९३६ मध्ये रोमने आज्ञापत्र काढून ही बंदी उठविली. तोपर्यंत किती बाया गेल्या ह्याचा हिशेब देवाजवळच असेल. आम्ही स्वतः पवित्र सभेच्या शिस्तीत वाढलेले धर्मगुरू आहो आणि आज्ञापालनाची थोरवी जाणतो. तरी हा हिशेब डोळ्यांआड करावा असे आम्हांस वाटत नाही.

मदर केविन यांनी नियम मोडला नाही व नियमाच्या पाठीशी लपून हातही जोडून बसल्या नाहीत. जे काम भगिनीने करायचे नाही ते दुसऱ्या बाईने करायचे नाही असे थोडेच आहे? त्यांनी व्रतस्थ नसलेल्या एका स्त्री-डॉक्टरची, डॉ. एव्हलिन कॉनली यांची, मदत मिळविली आणि १९२४ साली दोघींनी मिळून नसांब्या येथे परिचारिका व सुईणी तयार करणारी शाळा सुरू केली. शिकणाऱ्या मुली तेथल्याच होत्या. ज्या देशात मुलीने फार तर केळी सोलाव्या, चटई विणावी आणि वाटेल त्यापुढे गुडघे टेकून बोलावे अशी चाल, तेथे त्या मुली नाडी मोजू लागल्या, उकळलेल्या पाण्याचे महत्त्व सांगू लागल्या, प्रसूतीची नोंद वहीत लिहू लागल्या. गोऱ्या भगिनीने सांगितलेली गोष्ट बायका ऐकून घेत व घरी जाऊन विसरत. आपल्याच वाडीतील मुलीने, आपल्याच भाषेत, आपल्याच आईस सांगितलेली गोष्ट मात्र घरात राहिली. दंडक नसता तर भगिनींनी सर्व बाळंतपणे स्वतःच केली असती, आणि कदाचित ही शाळा इतक्या लवकर निघालीच नसती, असे आमच्या मनात येते. देव वाकड्या रेघांवरही सरळ लिहितो असे म्हणतात. तथापि रेघ वाकडी होती ती होतीच.

सुईणींच्या शाळेच्या एक वर्ष आधी, १९२३ मध्ये, मदर केविन यांनी ज्या कामास हात घातला ते आमच्या मते त्यांच्या सर्व इस्पितळांहून मोठे होय. नकोकोन्जेरू येथे त्यांनी आठ आफ्रिकन मुली घेऊन संत फ्रान्सिसच्या लहान भगिनी ह्या नावाचा संघ स्थापिला. ह्यात नवल ते काय, असे आज वाटेल. तेव्हा मात्र नवल होते. बुगांडातील रूढीप्रमाणे मुलीच्या लग्नात वराकडून तिच्या घरी देणगी येई. तेव्हा न लग्न करणारी मुलगी म्हणजे बापाचे सरळ नुकसान. जिला मूल नाही तिची लोक कीव करीत, आणि आपण होऊन मूल नको म्हणणारी बाई तर कोणी पाहिलेलीच नव्हती. आयांच्या डोळ्यांस पाणी, बापांच्या कपाळास आठ्या. दुसऱ्या बाजूस, आफ्रिकन मुलींस ब्रह्मचर्यव्रत पेलेल काय, त्या आज्ञेत राहतील काय, पैशाचा व्यवहार त्यांच्या हाती द्यावा काय, अशा शंका गोऱ्या लोकांत उघड बोलल्या जात. आपल्या देशातील धर्मगुरूंविषयी व भगिनींविषयीही एके काळी असेच बोलले जात असे, म्हणून आम्हांस ह्या शंकांचा सूर चांगला ओळखीचा आहे.

त्या शंकांस उत्तर देणारी उदाहरणे युगांडातच होती. फ्रेंच धर्मप्रांतात १९१० च्या सुमारास आफ्रिकन भगिनींचा पहिला संघ उभा राहिला होता. १९१३ साली दोन आफ्रिकन तरुणांस धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली होती. आणि पुढे १९३९ साली जोसेफ किवानुका हे त्या देशाचे पहिले आफ्रिकन बिशप झाले. मदर केविन यांनी आपल्या आठ मुलींस आपल्या इंग्रजी-आयरिश संघात सर्वांत खालच्या पायरीवर बसविले नाही. त्यांचा संघच निराळा केला. ह्यावरून त्यांचे धोरण कळते. जो संघ निराळा, त्याचा कारभार आज नाही उद्या त्याच्याच हाती जाणार. आणि झालेही तसेच. आठांच्या ऐंशी व ऐंशींच्या शेकडो झाल्या; लहान भगिनी युगांडाबाहेर केनिया व टांझानिया ह्या देशांतही गेल्या.

ह्या भगिनींचे काम दिसायला साधे. गावात दोघी-तिघी राहावयाच्या, शाळेत मुलींस शिकवावयाचे, दवाखाना चालवावयाचा, आणि दुपार कलली म्हणजे घरोघर जावयाचे. घरात पोर आजारी आहे काय, नवरा पितो काय, सासूसुनांचे पटते काय, धान्य उरले आहे काय, हे त्यांस न सांगता दिसे, कारण त्या त्याच मातीतल्या. आईने मुलाचे दूध केव्हा तोडावे व मग त्यास काय भरवावे, ह्यासारखी गोष्ट व्यासपीठावरून सांगण्याची नव्हे; ती चुलीपाशीच सांगावी लागते. आपल्या धर्मग्रामातील भगिनी व महिला मंडळाच्या बाया हेच करीत असतात, म्हणून ह्याचा अधिक विस्तार करीत नाही.

काम वाढले, तशी मनुष्यबळाची चणचण भासू लागली. १९२८ साली मदर केविन इंग्लंडात परतल्या व पुढच्याच वर्षी यॉर्कशायरमधील होम हॉल येथे, केवळ आफ्रिकेसाठी भगिनी तयार करणारा शिक्षणमठ त्यांनी उघडला. त्यानंतर कुष्ठरोग्यांसाठी १९३२ साली न्येंगा येथे व १९३४ साली बुलुबा येथे वसाहती निघाल्या. घरच्यांनी काढून दिलेल्या रोग्यांस तेथे झोपडी, शेत व औषध मिळे. वांडा ब्लेन्स्का नावाच्या पोलिश डॉक्टर बाईंनी पुढे बुलुबा येथे सुमारे चार दशके काढली व ते ठिकाण वैद्यकाच्या जगात नावाजले गेले. मुलींच्या उच्च शिक्षणाचा मदर केविन यांस फार ध्यास होता. मुलीस शिवण-टिपण पुरे, असे म्हणणारे ख्रिस्ती पुढारी तेथेही होते. १९४२ साली सुरू झालेले, पुढे नामागुंगा येथील माउंट सेंट मेरीज ह्या नावाने प्रसिद्ध झालेले विद्यालय हे त्यांस मदर केविन यांनी दिलेले उत्तर होय. १९९४ ते २००३ पर्यंत युगांडाच्या उपराष्ट्राध्यक्ष असलेल्या डॉ. स्पेसिओझा काझिब्वे ह्या त्याच विद्यालयाच्या विद्यार्थिनी.

इ. स. १९५२ मध्ये एक कठीण वळण आले. आफ्रिकेतील भगिनींचे काम इतके वाढले होते की मिल हिलच्या मूळ संघात राहून ते चालविणे अवघड झाले. रोमच्या संमतीने आफ्रिकेसाठी फ्रान्सिस्कन मिशनरी भगिनी असा स्वतंत्र संघ झाला व मदर केविन त्याच्या पहिल्या प्रमुख झाल्या. त्या वेळी त्यांचे वय सत्त्याहत्तर होते. ज्या मठात वयाच्या विसाव्या वर्षी पाऊल टाकले, जेथे व्रते घेतली, त्याच्यापासून त्या वयात वेगळे होणे म्हणजे भरल्या घरातून वाटणी घेऊन निघण्यासारखे आहे. हिशेब बरोबर असला तरी उंबरठा ओलांडताना पाय जड होतातच. नव्या संघाचा मुख्य मठ आयर्लंडात डंडॉक शहराजवळ माउंट ऑलिव्हर येथे झाला.

१९५५ साली, ऐंशी वर्षे पुरी झाल्यावर, त्यांनी प्रमुखपद सोडले. आता विश्रांती घ्यावी असे कोणासही वाटेल. त्या अमेरिकेत बॉस्टनजवळील ब्रायटन येथील मठाच्या वरिष्ठ म्हणून गेल्या आणि आफ्रिकेतील कामांसाठी दारोदार पैसा मागू लागल्या. तरुणपणी ज्या अमेरिकेस जाण्याची इच्छा धरून त्या वाट पाहत होत्या, ती अमेरिका अखेर त्यांस दिसली, परंतु तेथेही त्यांनी काम केले ते युगांडाचेच. ता. १७ ऑक्टोबर १९५७ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. वय ब्याऐंशी.

त्यांचा देह आयर्लंडात माउंट ऑलिव्हर येथे पुरण्यासाठी नेण्यात आला. मायभूमी तीच, संघाचा मुख्य मठही तेथेच. तेव्हा ह्यात कोणास काही वावगे वाटले नसावे. वाटले ते युगांडाच्या लोकांस. माता केविना आमची, तिला आमच्या मातीत आणा, असा आग्रह तेथील कॅथलिकांनी धरला व तो शेवटास नेला. संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह चीनच्या किनाऱ्यावरून मलाक्का व मलाक्काहून गोव्यास आला ही कथा आपल्या मुलांसही पाठ आहे. ह्या बाईचा देहही तसाच अमेरिकेतून आयर्लंडात व आयर्लंडातून विमानाने आफ्रिकेत आला. त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्याच्या आरंभी नकोकोन्जेरू येथे त्यांस मूठमाती देण्यात आली.

त्या देशात केविना हा शब्द पुढे इस्पितळ किंवा धर्मादाय संस्था ह्या अर्थीही बोलण्यात रूढ झाला. आजारी पोरास केविनात नेले असे म्हणणाऱ्या बाईस, हे कोण्या आयरिश शेतकऱ्याच्या पोरक्या मुलीचे नाव आहे, हे ठाऊक असतेच असे नाही. २०१६ साली लुगाझीच्या धर्मप्रांतात त्यांस धन्यवादित करण्याविषयीची चौकशी सुरू झाली असून देवाची सेविका ही पदवी त्यांच्या नावामागे लागली आहे. लहान भगिनींचा मुख्य मठ नकोकोन्जेरू येथेच आहे. आठ मुलींनी जेथे आरंभ केला त्या मठाच्या दफनभूमीत, आफ्रिकन भगिनींच्या सोबतीने, माता केविना यांची कबर आहे.